डेबियनवर डायल-अप: १५०० रुपयांपर्यंत कुठला मोडेम घ्यावा?

सांगेकार: नमस्कार मंडळी. सांगे शाखेतून मडगावच्या मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरला फोन लावून रात्री हिशेब पाठवतो. डेबियन १२ (लिनक्स) टाकल्यापासून आतलं पीसीआय मोडेम कार्ड ओळखतच नाही. त्याआधीही पावसात मधेच 'नो कॅरिअर' (जोडणी तुटली) यायचं. बजेट १५००, जुना चालेल. मागे सिरीयल पोर्ट आहे. डोंगल सुचवू नका, सर्व्हर फक्त फोनलाइनवरून घेतो.

मांडवीकाठ: कार्ड विनमोडेम असणार. त्याचं निम्मं काम प्रोसेसर करतो आणि जुने बंदिस्त ड्रायव्हर नव्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) चालत नाहीत. यूएस रोबोटिक्स ५६३७ घ्या. यूएसबीला लावला की टीटीवायएसीएम० नावाचा पोर्ट दिसतो. पैसे जास्त जातील, जाऊ द्यात.

डिचोली_डेस्क: ५६३७च घ्या. ५६के (सेकंदाला ५६ हजार बिट) वेग मिळेल. बिननावाचे स्वस्त मोडेम बहुतेक सॉफ्टमोडेमच (म्हणजे विनमोडेमच) निघतात.

टर्मिनल: ५६के कुठून मिळणार? मडगावला साधाच मोडेम असेल तर ३३.६केच्या वर जाणार नाही. ५६केसाठी समोरचं टोक डिजिटल लाइनवर लागतं.
खरेदीआधी रोझेट (भिंतीवरची फोनची डबी) उघडा. आपल्या दमट हवेत स्क्रूखालची तार हिरवी पडते. तेवढा तुकडा कापून नवं तांबं सोलून कसा. मग साधा फोन लावून एक आकडा दाबा, डायल टोन थांबेल. त्या शांततेत खरखर ऐकू आली तर दोष लाइनचा, मोडेम बदलून उपयोग नाही. समांतर फोन असेल तर काढा. कुणी रिसीव्हर उचलला की कॅरिअर तुटतो.

डिचोली_डेस्क: सर्व्हर डिजिटलवर असेलही.

शेल_फोंडा: कुठलाही घ्या, पुढचं तेच. युजर 'डायलआऊट' ग्रुपमध्ये घालून पुन्हा लॉगिन. मोडेममॅनेजर प्रोग्रॅम बंद करा, तो पोर्ट धरून बसतो. मग डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ चालवा, तो मोडेम शोधून डायल करायची सेटिंग लिहितो. 'नो डायलटोन' आलं तर त्यातल्या इनिटमध्ये (मोडेमला सुरुवातीला जाणाऱ्या आज्ञेत) एटीएक्स३ घाला, मोडेम टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. फोन जोडला जाऊन पीपीपी (फोनलाइनवरची नेटवर्क जोडणी) सुरू होत नसेल तर त्याच सेटिंगमध्ये 'स्टुपिड मोड = यस'. आणि इथरनेटचा डिफॉल्ट रूट (डेटा जायची ठरलेली वाट) आधीच असेल तर पीपीपीडी (पीपीपी चालवणारा प्रोग्रॅम) तो बदलत नाही, सगळा डेटा भलतीकडे जातो. पीपीपीडीला 'रिप्लेसडिफॉल्टरूट' द्या.

मांडवीकाठ: ५६३७ला पण एटीएक्स३ चालतं. आणि विजा चमकायला लागल्या की फोनची वायर काढा, नुसता विजेचा प्लग काढून भागत नाही.

सांगेकार: देव बरें करूं. तार खरंच हिरवी होती, कापून कसली, खरखर गेली. यूएसबी नको, जुना बाहेरचा सिरीयल मोडेम घेतोय, ९००ला मिळतोय. टीटीवायएस० (सिरीयल पोर्ट) कुठल्याही कर्नलला कळतो.

शेल_फोंडा: यूएसबीच सोपा होता. असो. केबल सरळ ९ ते २५ पिनची घ्या, नल-मोडेम (दोन कॉम्प्युटर थेट जोडायची, उलट तारांची) नको. अॅडॉप्टरवरचं लेबल वाचा, काही जुन्या मोडेमना ९ व्होल्ट एसी लागतो, डीसी नाही.