सेवेतील शिक्षकांना टीईटीची सक्ती: निकाल पटतो का?

मूळ लेखन (प्राथमिक शिक्षक)

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हावे लागेल, नाहीतर त्यांना नोकरी सोडावी लागेल किंवा सक्तीची निवृत्ती पत्करावी लागेल. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांची नोकरी टिकेल, पण टीईटीविना पदोन्नती मिळणार नाही.

नव्या उमेदवारांना ही परीक्षा असावी, याबद्दल माझा वाद नाही. परंतु राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या ज्या अधिसूचनेने टीईटी आणली, तिनेच आधी नियमानुसार नेमलेल्या शिक्षकांना सूट दिली होती. शासनाने त्या वेळची पात्रता तपासून आम्हाला नेमले, सेवापुस्तकात नोंद केली आणि आता पंधरा-वीस वर्षांनी तीच पात्रता अपुरी ठरली, हे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद १ (पालक)

आपली व्यथा समजते, तरीही मी निकालाच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २३ शिक्षकाची किमान पात्रता ठरवते आणि तो कायदा मुलांसाठी आहे. संसदेने २०१७ मध्ये त्यात दुरुस्ती करून, ३१ मार्च २०१५ रोजी सेवेत असलेल्या परंतु किमान पात्रता नसलेल्या शिक्षकांना ती मिळवण्यासाठी चार वर्षे दिली होती. शिवाय ही स्पर्धा परीक्षा नाही. १५० पैकी ९० गुण, राखीव प्रवर्गांना त्याहून कमी, आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. पहिली ते पाचवीच्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास येतात. रोज हेच शिकवणाऱ्याला ते जड का जावे?

मूळ लेखकाचे उत्तर

२०१७ च्या दुरुस्तीचा उल्लेख झाला, म्हणून सांगतो. ती डी.एड. किंवा बी.एड. नसलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे, असेच तेव्हा सर्वत्र मानले गेले आणि त्यांच्यासाठी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेमार्फत प्रशिक्षणही झाले. प्रशिक्षित शिक्षकांनाही टीईटी द्यावी लागेल असे शासनाने आम्हाला त्या चार वर्षांत स्पष्टपणे सांगितले असते, तर आम्ही तेव्हाच अर्ज भरले असते. शिवाय पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवताना हाताची पकड सुधारून देणे, घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलीला आठवडाभरात वर्गात बोलते करणे, हे कौशल्य चार पर्यायांतून एक निवडण्यात कुठे दिसते?

प्रतिसाद २ (निवृत्त मुख्याध्यापक)

दिसत नाही, हे मान्य आहे. परंतु वर्गातल्या कौशल्याचे मोजमाप आपल्याकडे दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने होत नाही, हेही तितकेच खरे. मुख्याध्यापकाचा गोपनीय अहवाल बहुतेक वेळा सगळ्यांचा सारखाच चांगला असतो आणि मी स्वतः तसे अहवाल वर्षानुवर्षे वाचले आहेत. किमान विषयज्ञानाची खात्री पालकांना मिळायला हवी. न्यायालयाने मुदत दिली आहे, निवृत्तिलाभांसाठी लागणारी किमान सेवा झालेल्यांचे ते लाभ राखले आहेत. याला निष्ठुरपणा म्हणता येणार नाही.

प्रतिसाद ३ (खाजगी अनुदानित शाळेतील शिक्षिका)

सर, खात्री कशाची? २०१९-२० च्या आपल्याच राज्यातील टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचे उघड झाले आणि हजारो उमेदवारांचे निकाल रद्द झाले. ज्या यंत्रणेवर विश्वास ठेवून आमच्या नोकऱ्या पणाला लावायच्या, तिची तपासणी आधी व्हावी. अल्पसंख्याक शाळांना ही सक्ती लागू होते का, हा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवण्याचा मार्ग धरला आहे; म्हणजे एकाच गल्लीतील दोन शाळांमध्ये सध्या दोन नियम असू शकतात.

निवृत्त मुख्याध्यापकांचे उत्तर

परीक्षेत गैरप्रकार झाला म्हणून परीक्षाच नको, हे मला पटत नाही. दोषींना शिक्षा व्हावी आणि प्रश्नपत्रिकेची सुरक्षा वाढवावी. यंत्रणेच्या तपासणीची आपली मागणी मात्र रास्त आहे. शिवाय शासनाने या दोन वर्षांत परीक्षा पुरेशा वेळा घ्यावी, तयारीचे वर्ग सुट्टीत भरवावेत आणि निवडणूक-जनगणनेच्या कामांतून परीक्षार्थी शिक्षकांना मोकळे ठेवावे, यासाठी संघटनांनी आग्रह धरावा. त्या निवेदनावर मीही सही करीन.