हार्ड डिस्क गेली की विंडोज गेलं? दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा

शाईवाली_मिरज

मंडळी नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी मिरजेत घरीच डीटीपी करते. लग्नपत्रिका, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. कॉम्प्युटर २०१७ साली जोडून घेतलेला, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. गेल्या गुरुवारी एक जुनी पत्रिका कोरल या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' एवढं पडद्यावर उमटलं आणि पुढचं सगळं थिजलं. माउस हलतोय, पण क्लिक लागत नाही. चार-पाच मिनिटांनी वराच्या आजोबांचं नाव आलं. तोवर डब्यातून आवाज: टक्, टक्, घर्रर्र, परत टक्. कुणीतरी कुलपाला चुकीची किल्ली लावून बघतंय असा.

'लग्नसराई २०१९' हे फोल्डर उघडलं की हमखास असं होतं. बाकीची फोल्डरं झटकन उघडतात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते.

मशीन दुकानात नेलं. त्याने पाच मिनिटं बघून सांगितलं, "ताई, व्हायरस आहे, फॉरमॅट मारून विंडोज नवीन टाकतो, मशीन पळायला लागेल." माझ्या जावेचं मशीन त्याच दुकानात असंच फॉरमॅट केलं होतं. खरंच पळायला लागलं. चार महिन्यांनी एक दिवस जे बसलं ते उठलंच नाही. म्हणून मी डबा उचलून घरी आणला.

बॅकअप आहे का, असं विचारणारच तुम्ही. एका पेन ड्राइव्हवर फॉन्ट आहेत आणि २०२१ पर्यंतचं अर्धंमुर्धं काम. हसू नका.

दोष डिस्कचा आहे की विंडोजचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

सुसाट_स्वप्नील

ताई, सोपं आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि डिस्क तपासायची विंडोजची कमांड, चेकडिस्क स्लॅश आर, मारा. रात्री लावून झोपा, सकाळी बॅड सेक्टर दुरुस्त. माझ्या लॅपटॉपवर दोनदा केलंय.

सोल्डरकाका

स्वप्नील, थांब. ताई, तुम्ही तर आधी थांबाच. चेकडिस्क आत्ता अजिबात चालवू नका.

ते दुरुस्तीचं काम करतं, पण दुरुस्ती फाइल सिस्टिमची, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे या नोंदींची, डिस्कची नाही. स्लॅश आर लावलं की ते डिस्कचा कोपरान् कोपरा वाचायला लावतं. दमेकऱ्याला जोतिबाचा डोंगर चढायला लावण्यातला प्रकार. वर जिथे वाचता येत नाही तिथल्या नोंदी ते स्वतःच्या अकलेने जुळवतं, तुटकी फाइल 'फाउंड' नावाच्या लपलेल्या फोल्डरात सीएचके शेपटी लावून टाकून देतं आणि मोकळं होतं. पत्रिकेचं नावही उरत नाही. आधी माल बाहेर, मग झाडलोट.

आता निदान. तीन गोष्टी बघा, तिन्ही फुकट.

टास्क मॅनेजरमधल्या १०० टक्क्यांवर एकट्यावर जाऊ नका. विंडोज १० अपडेट उतरवत असलं तरी फिरत्या डिस्कवर १०० दिसतं. शेजारचा वेग बघा. १०० टक्के आणि वेग सेकंदाला २०-३० एमबी असेल तर डिस्क कामात आहे. १०० टक्के आणि वेग शून्य, शिवाय खाली सरासरी प्रतिसाद हजारो मिलिसेकंद, तर ती एकाच जागी अडकून पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे. तुमचा टक्-घर्रर्र तोच. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क असेल तर सेकंदाला १२० वेळा तोच भाग वाचणाऱ्या डोक्याखालून (हेड) जातो आणि तरी वाचता येत नाही.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम. सोर्स 'डिस्क' आणि इव्हेंट आयडी ७ दिसला तर त्याचा अर्थ बॅड ब्लॉक, म्हणजे डिस्कवरची वाचता न येणारी जागा. व्हायरस असली नोंद लिहीत नाही.

तिसरं म्हणजे क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम चालवा. डिस्क स्वतःची वही स्वतः लिहीत असते, त्याला स्मार्ट म्हणतात. त्यातले ०५, सी५, सी६, सी७ या ओळींचे शेवटच्या रकान्यातले आकडे इथे द्या. वरती 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली, असतं, तेही.

आणि हो, आवाज ऐकायचा असेल तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कच्या कडेला टेकवून मूठ कानाला लावा. वीस वर्षं दुकानात माझं निम्मं निदान असंच झालं. फक्त खालच्या हिरव्या सर्किटला टोक लावू नका.

शाईवाली_मिरज

काका, बघितलं. वेग ० केबी, प्रतिसाद ८,००० च्या वर. इव्हेंट आयडी ७ ची रांगच लागली आहे, पहिली नोंद तीन आठवड्यांपूर्वीची. त्या दिवशी दुपारी लाइट तीनदा गेली होती. यूपीएसची बॅटरी कधीच मेली आहे.

प्रोग्रॅममध्ये पिवळा चौकोन, 'कॉशन'.
०५: सगळी शून्यं
सी५: शून्यं आणि शेवटी ए८
सी६: तेच, ए८
सी७: शेवटी १एफ
तास: १९,४१२

०१ समोर मात्र भलामोठा आकडा आहे, तो बघून पोटात गोळा आला. आणि ए८ हा काय आकडा झाला? दुकानदार ०५ वर बोट ठेवून म्हणाला होता, "बघा शून्य, डिस्क फर्स्ट क्लास."

सोल्डरकाका

०१ सोडून द्या. काही कंपन्या त्या एकाच आकड्यात दोन-दोन हिशेब कोंबतात, चांगल्या डिस्कवरही तो अवाढव्य दिसतो. त्याला बघून लोकांनी धडधाकट डिस्का भंगारात घातलेल्या मी पाहिल्यात.

ए८ हा दहाऐवजी सोळाच्या मोजणीतला (हेक्साडेसिमल) आकडा आहे. ए म्हणजे दहा. दहा गुणिले सोळा, अधिक आठ, १६८. प्रोग्रॅमच्या 'फंक्शन' मेनूत ॲडव्हान्स्ड फीचरखाली रॉ व्हॅल्यूज आहे, तिथे दशमान निवडा म्हणजे डोकं खाजवायला नको.

तर १६८ सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, 'पेंडिंग'. ५१२ बाइटचा एक धरला तर ८४ केबी. एवढ्याशा जागेसाठी तुमचं मशीन पाच पाच मिनिटं थिजतंय.

आता दुकानदाराच्या बोटाकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. ०५ म्हणजे बाद करून ज्यांच्या जागी राखीव सेक्टर दिले ते. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत, पण बाद करायचे की नाही हे अजून ठरलेलं नाही ते. डिस्क हा निर्णय त्या जागी नव्याने काही लिहायची वेळ आली की घेते. तोवर ती जुना मजकूर वाचायची आशा सोडत नाही. म्हणून ०५ शून्य आणि सी५ १६८, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

फॉरमॅटने मशीन पळायला का लागतं, तेही यातच आहे. विंडोज व्हिस्टापासून पुढे फुल फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितं. लिहिलं की पेंडिंगचा निकाल लागतो, सी५ शून्यावर येतो, चौकोन निळा, म्हणजे 'ठीक', होऊ शकतो. मजकूर गेला तो गेलाच. लाइट जाताना अर्धवट लिहिला गेल्यामुळेच सेक्टर बिघडला असेल तर डिस्क खरंच ठणठणीत राहते. आतल्या फिरत्या पत्र्यावरचा थर किंवा डोकं खराब होत असेल तर चार महिने मिळतात. तुमच्या जावेचं बहुतेक हेच झालं.

तुमचं कुठलं, ते सी५ सांगेल. रोज बघा. १६८ वरच थांबला तर लाइटवर संशय. वाढत गेला तर डिस्क चालली.

सी७ चा ३१ हा केबलचा आकडा. डिस्क आणि मदरबोर्डमधल्या पट्टीत निरोप बिघडला की तो वाढतो आणि परत कधी कमी होत नाही. साटा केबल नवीन लावा. पुढे ३१ वरच राहिला तर विषय संपला.

रात्रपाळी

काकांना दुजोरा. सर्व्हर सांभाळायची नोकरी आहे, म्हणून एक भर. आधी चालू कामाची फोल्डरं रोबोकॉपी या विंडोजच्याच कॉपी करायच्या कमांडने बाहेर काढा, पण रीट्राय १ आणि वेट १ असं स्वतः द्या. ते न देता चालवलंत तर एका अडलेल्या फाइलसाठी ती दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. आपली हयात जाईल.

नंतर पूर्ण डिस्कची नक्कल लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून, डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कची नक्कल काढणाऱ्या कमांडने. आधी सहज वाचता येणारं सगळं घेते, अडलेल्या जागा शेवटी ठेवते. मॅपफाइल, म्हणजे किती वाचून झालं याची तिची नोंद, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवा, लाइट गेली तरी थांबलं तिथून पुढे सुरू होतं. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच हवी. आणि जुनी कुठली, नवी कुठली हे सीरियल नंबर वाचून ठरवा. उलटं झालं तर कोरी डिस्क तुमच्या सात वर्षांच्या कामावर चढेल.

सुसाट_स्वप्नील

माझा सल्ला मागे घेतो. डिस्क प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली की चालते असं ऐकलंय, ते खरं?

सोल्डरकाका

डोकं पत्र्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. त्यात बाष्प धरलं की संपलं. फ्रीजरमध्ये कोकम सरबत ठेव.

शाईवाली_मिरज

मंडळी, आठ दिवसांनी येतेय. लग्नसराई आहे, त्यात हे.

केबल बदलली, सी७ ३१ वर थांबला. सी५ मात्र १६८ वरून दुसऱ्या दिवशी १७६, चौथ्या दिवशी २६४. म्हणजे लाइटचा दोष नाही. तेव्हाच मशीन बंद केलं आणि नवी १ टीबीची एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चिपची डिस्क, आणली.

भाचा रविवारी येऊन बसला. सीरियल नंबर मी कागदावर लिहून दोन्ही डिस्कांवर चिकटवले, एकावर 'जुनी, हात लावू नये' असं ३६ पॉइंटात छापून. नकलेची पहिली फेरी साडेतीन तासांत झाली, मध्ये चाळीस मिनिटं लाइट गेली ते धरून. मॅपफाइलने खरंच जिथल्या तिथून उचललं. दुसरी फेरी रात्रभर चालली, टक् टक् ऐकत मला झोप नाही. सकाळी ३६ केबी सोडून सगळं आलेलं होतं.

विंडोज नव्या डिस्कवरून तस्संच सुरू झालं, श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरसकट. ती पत्रिका उघडली, आजोबा लगेच हजर.

त्या ३६ केबीत काय गेलं ते शोधतेय. आत्तापर्यंत एक २०१९ ची पावती आणि एका पतसंस्थेच्या अहवालातला संचालक मंडळाचा फोटो सापडला. जेपेग उघडते, पण वरचा भाग धड आणि खाली नुसता करडा पट्टा. मागची रांग गळ्यापर्यंत आहे, पुढे बसलेल्यांचे फक्त केस उरलेत. अहवाल पुन्हा छापायचा आहे, त्यामुळे उद्या चेअरमन साहेबांना फोन करायचाय. काय सांगू ते सुचवा.

जुनी डिस्क फॉरमॅट करून गाण्यांना वापरू का?

सोल्डरकाका

चार दिवसांत ९६ सेक्टर वाढलेत, गाणीसुद्धा ठेवू नका. पण सगळ्या फाइली तपासून होईपर्यंत फेकूही नका, कपाटात ठेवा. साहेबांना म्हणावं, नवीन फोटो काढायचा आहे. कोण नाही म्हणतंय.