बाबांची २००१ ची मारुती झेन ठेवू की वापरलेली मर्सिडीज सी-क्लास घेऊ?

पेठकर: बाबांनी २००१ मध्ये घेतलेली झेन मी आजही रोज चालवतो. ९९३ सीसीचं इंजिन, गाडीचं वजन जेमतेम पाऊण टन, त्यामुळे दुसऱ्या गिअरला नुसता पाय ठेवला तरी पळते. क्लचच्या पेडलचं रबर एका कडेला पार गुळगुळीत झालंय, ते बाबांच्या कोल्हापुरीनं. भाऊ म्हणतो, २०१९ ची सी-क्लास मिळतेय, घेऊन टाकू. चालवून पाहिली. दार लावलं आणि लक्ष्मी रोडचा सगळा गोंगाट बाहेरच राहिला. मनात भरली, खरं सांगतो. आई ७४ वर्षांची, तिला दर महिन्याला मुंबईला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. दोन गाड्यांना वाड्यात जागा नाही. काय करू?

चिंचवडचा मिस्त्री: झेनच्या इंजिनाची चिंता नको, फक्त तापू देऊ नका. अॅल्युमिनियमचं आहे, एकदा हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, वाकलं की काम वाढतं. खरी भीती गंजाची. पायाखालचं मॅटिंग उचला, डिकीतली स्टेपनी काढा, खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. आत गेला तर मला विचारायचीही गरज नाही. आणि वॉरंटी संपलेली कुठलीही महागडी गाडी घेताना दुरुस्तीचे पैसे वेगळे काढून ठेवा. तिचा हेडलाइटसुद्धा आख्खाच बदलावा लागतो.

घाटवाला: आईंना एक्सप्रेसवेनं नेणार असाल तर माझ्या मते प्रश्नच उरत नाही. तुमच्या झेनला एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. माझ्या जुन्या छोट्या गाडीची चाकं खंडाळ्याच्या उतारावर पावसात जाम झाली, गाडी आडवी झाली आणि मागून ट्रक येत होता. वाचलो. बायको त्यानंतर त्या गाडीत बसली नाही.

नारायणपेठेतली ताई: दादा, आधी वाड्याचा दरवाजा मोजा. झेनची रुंदी १४९५ मिमी, सी-क्लासची १८१०, आणि आरसे उघडे धरले तर दोन मीटरच्या वर. आमच्या बोळात याच पायी एक व्यवहार मोडलाय.

पेठकर: ताई, काल भावाला टेप धरायला लावून मोजलं. साडेसहा फूट भरला. आरसे मिटून घेतले तर दोन्हीकडे चार-चार बोटं उरतात. रोज जमेल, पण सावकाश.

संध्याकाळी आईला गाडीत बसवून आणलं. आत शिरताना बरंच वाकावं लागलं, गुडघा धरून बसली. पाठ टेकल्यावर म्हणाली, "लोणावळ्यापर्यंत झोप होईल रे माझी." घाटवाले, तुमचं वाचल्यापासून मलाही झोप नव्हती. सी-क्लास घेतोय.

झेन विकणार नाही. वाईला मामाच्या अंगणात जागा आहे. नोंदणी २०२६ पर्यंतची आहे, पुढेही पर्यावरण कर भरून वाढवून घेईन. मिस्त्री, पाठवण्याआधी खालचा पत्रा तुमच्या नजरेखालून घालायचाय. रविवारी सकाळी गॅरेज उघडं असतं का?