सोमवारपासून आमची टीम स्क्रम करणारे म्हणे, म्हणजे नक्की काय करायचं?

बगवाली_बाई
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. मी पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत टेस्टर आहे, क्लायंट अमेरिकेतला, इन्शुरन्सवाला. आत्तापर्यंत आमचं ठरलेलं असायचं. रिक्वायरमेंटचं जाडजूड डॉक्युमेंट यायचं, त्यावर सह्या व्हायच्या, मग डेव्हलपर मंडळी दोन-तीन महिने कोड लिहायची आणि रिलीज आठवड्यावर आलं की सगळं आमच्या गळ्यात. आता क्लायंटने सांगितलंय की अजाईल करा, म्हणून मॅनेजरनी दोन तासांचं ट्रेनिंग उरकलं आणि सोमवारपासून स्प्रिंट सुरू. टीममध्ये १३ जण आहोत. मॅनेजरच स्क्रम मास्टर, म्हणजे टीम स्क्रम नीट करतेय ना ते बघणारे.

ट्रायल म्हणून या आठवड्यात रोज संध्याकाळी साडेसातला स्टँडअप (टीमची रोजची मीटिंग) घेतला, क्लायंटची माणसं तेव्हा जागी असतात म्हणून. पाऊण तास चालतो. एकेकाने काल काय केलं ते सांगायचं, मॅनेजर एक्सेलमध्ये लिहून घेणार. एक स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाज) म्हणजे आठ तास असंही ठरवलंय. शिवाय डेव्हलपर म्हणतायत की आम्ही या स्प्रिंटला कोड करू, तुम्ही पुढच्या स्प्रिंटला टेस्ट करा. मला हे सगळं आधीसारखंच वाटतंय, फक्त मीटिंगा वाढल्या. गूगल केलं तर डोकं आणखी गरगरलं. कुणी साध्या भाषेत सांगेल का की हे मुळात काय आहे आणि आमचं कुठे चुकतंय?

---

फेज_थ्री_चा_पूल
ताई, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आधीचंच आहे ते.

मुळापासून सांगतो. अजाईल म्हणजे कामाकडे बघायची दृष्टी, त्यात स्टँडअप, स्प्रिंट वगैरे काही लिहिलेलं नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटाहमधल्या स्नोबर्ड नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी १७ सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. चार मूल्यं आणि बारा तत्त्वं, बास. सार असं की प्रोसेस आणि टूलपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं जास्त मोलाचं, कागदांच्या ढिगापेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, करारावर घासाघीस करण्यापेक्षा गिऱ्हाइकासोबत काम करणं आणि प्लॅनला चिकटण्यापेक्षा बदलाला तोंड देणं. प्लॅन आणि कागद नकोच असं त्यांनी म्हटलेलं नाही, लोक सोयीस्करपणे तेवढंच ऐकतात.

स्क्रम ही त्या दृष्टीने काम करायची एक चौकट, आणि ती जाहीरनाम्याच्या आधीची आहे. जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी ती १९९५ मध्ये एका परिषदेत मांडली, दोघंही नंतर त्या १७ जणांत होते. नियमांचं पुस्तक म्हणजे स्क्रम गाईड, पहिलं २०१० चं, आणि २०२० मध्ये त्यांनी ते आणखी छाटलं. पंधरा पानंसुद्धा नाहीत आणि फुकट मिळतं. दोन तासांच्या ट्रेनिंगपेक्षा टीमने एकत्र बसून तेच वाचलं असतं तरी चाललं असतं.

तुमच्याच डोमेनचं उदाहरण घेऊ. क्लायंटला पॉलिसीधारकाने मोबाईलवरून क्लेम टाकता यायला हवाय. त्यासाठी जे जे करायचंय त्याची क्रमवार यादी म्हणजे प्रॉडक्ट बॅकलॉग, आणि तो क्रम लावणारा एकच माणूस, प्रॉडक्ट ओनर. कमिटी नाही, एक माणूस. स्प्रिंट म्हणजे जास्तीत जास्त एका महिन्याची ठरीव मुदत, बहुतेक जण दोन आठवडे ठेवतात. सुरुवातीला प्लॅनिंगमध्ये सगळे मिळून एक उद्दिष्ट ठरवतात, म्हणजे समजा "अपघाताचे फोटो अपलोड होऊन क्लेम नंबर मिळाला पाहिजे", आणि त्यासाठी यादीतलं किती काम घ्यायचं ते काम करणारे ठरवतात. प्रॉडक्ट ओनरशी बोलून ठरवतात, पण आकडा त्यांचा. हे वाक्य नीट वाचा, कारण निम्म्या कंपन्या इथेच घसरतात. वरून कुणीतरी "या स्प्रिंटला ४० पॉइंट झालेच पाहिजेत" म्हणालं की तिथून पुढे नावं स्क्रमची असतात, बाकी जुनाच कारभार.

मग डेली स्क्रम, म्हणजे तुमचा तो स्टँडअप, रोज १५ मिनिटं, काम करणाऱ्यांनी एकमेकांशी बोलण्यासाठी. आजवर एवढं झालंय, उद्दिष्ट गाठायचं तर आज कुणी काय उचलायचं, कुणाचं कुठे अडलंय. काल काय, आज काय, अडचण काय हे तीन प्रश्न पूर्वी गाईडमध्ये होते, २०२० मध्ये काढून टाकले, कारण त्याची हजेरी झाली होती, तुमच्याकडे झालीये तशी. स्प्रिंटच्या शेवटी रिव्ह्यू, तिथे झालेलं काम क्लायंटला चालवून दाखवायचं आणि पुढचं काय ते बोलायचं, आणि मग रेट्रोस्पेक्टिव्ह, तिथे टीमने आपल्याच कामाच्या पद्धतीत काय बदलायचं ते ठरवायचं. तिथे क्लायंटला बोलावू नका, कुणी तोंड उघडणार नाही.

आता टेस्टिंग. स्क्रममध्ये टेस्टर वेगळे नसतात, काम पूर्ण करायला जे जे हातभार लावतात ते सगळे डेव्हलपर, तुम्हीसुद्धा. आणि "झालं" कशाला म्हणायचं याची व्याख्या टीमने लिहून ठेवायची असते. टेस्टिंग त्यात असेल तर टेस्ट न झालेली गोष्ट झालेली नाही, रिव्ह्यूत दाखवायचीही नाही. या स्प्रिंटला कोड आणि पुढच्याला टेस्ट म्हणजे दोन-दोन आठवड्यांचा वॉटरफॉल, एक टप्पा संपला की मगच दुसरा, ती जुनीच पद्धत. तुम्ही पुढच्या स्प्रिंटला बग काढणार तोवर डेव्हलपर नव्या कामात गेलेला असतो, मग "नंतर बघतो" सुरू.

१३ जणही जास्त होतात, साधारण १० किंवा त्याहून कमी असावेत. पाऊण तासाचं एक कारण तेही आहे.

---

निवांत_नाशिककर
पूलवाल्या दादांनी छान समजावलं पण जरा जमिनीवर येऊ या. सर्व्हिस कंपनीत करार कसा असतो? तारीख ठरलेली, स्कोप ठरलेला, पैसे ठरलेले, माणसं ठरलेली. मग बदलाला तोंड द्यायला शिल्लक राहिलं काय, तर आपली शनिवार-रविवारची सुट्टी. "टीम ठरवेल किती काम घ्यायचं" हे प्लॅनिंगच्या कॉलवर बोलून बघा, म्यूटवर किती जण हसतात ते.

आणि पॉइंट म्हणजे आठ तास हे ऐकून तर कपाळाला हात लावला. तासच मोजायचे तर तास म्हणा की, पॉइंटचं सोंग कशाला. स्टोरी पॉइंट हा शब्द स्क्रम गाईडमध्ये सापडणार नाही, तो एक्सपी (एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग, अजाईलचीच दुसरी एक पद्धत) वाल्यांकडून आला. त्यातले रॉन जेफ्रीज, १७ जणांपैकीच एक, त्यांनी पुढे लिहिलं की पॉइंट बहुधा मीच काढले असावेत, तसं असेल तर आता वाईट वाटतं. पॉइंटचा उपयोग एवढाच की हे काम त्या कामापेक्षा मोठं की लहान, आणि का, यावर टीमने बोलावं. एकाने ३ म्हटलं, दुसऱ्याने १३, की त्या दोघांना बोलू द्यायचं, एकाला बहुतेक दुसऱ्याला माहीत नसलेली भानगड माहीत असते. अंदाज देताना सगळे आपापल्या आकड्याचे पत्ते एकदम दाखवतात तेही म्हणूनच, नाहीतर सिनियर ५ म्हणाला की अख्खी टीम ५. आमच्याकडे वरच्यांनी दोन टीमची व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये झालेले पॉइंट) शेजारी-शेजारी ठेवून तुलना सुरू केली, पुढच्याच महिन्यात दोन्ही टीमचे पॉइंट फुगले आणि काम होतं तेवढंच.

---

कोबोलवाले_काका
निवांतराव, करार आमच्या वेळीही तसेच होते, तेव्हा वॉटरफॉलला शिव्या घालायचो, आता तुम्ही अजाईलला घाला. गंमत सांगतो. वॉटरफॉलचा बाप म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या विन्स्टन रॉईस यांच्या १९७० च्या पेपरात तो शब्दच नाही. त्यांनी एकामागून एक टप्प्यांचं ते चित्र काढलं आणि लगेच म्हटलं की असं नुसतं केलं तर धोका आहे, कारण टेस्टिंग शेवटी येतं आणि खरे घोळ तिथेच कळतात. लोकांनी चित्र उचललं, खालचा मजकूर सोडला. बगवाली ताई, तुमच्या तक्रारीला पन्नास वर्षं होऊन गेली बघा.

स्क्रमचंही तेच होतंय, मीटिंगा उचलल्या नि बाकीचं सोडलं. पण एक सांगतो, फिक्स्ड करारातही दर दोन आठवड्यांनी चालणारी गोष्ट क्लायंटला दाखवली तर "आम्हाला हे असं नको होतं" हे सहाव्या महिन्याऐवजी पहिल्या महिन्यात कळतं. तेवढं जरी पदरात पडलं तरी मी स्क्रमला हो म्हणेन, बाकी नावं काही का असेनात.

---

बगवाली_बाई
सगळ्यांचे आभार, आत्ता कुठे डोक्यात शिरतंय. एक गोष्ट सांगायची राहिली. आमचं निम्मं काम प्रॉडक्शन सपोर्टचं आहे, म्हणजे चालू सिस्टीममध्ये काही अडलं की सोडवायचं. रात्री तिकीट (नोंदवलेली तक्रार) येतं, क्लेम अडकलाय, दुसऱ्या दिवशी दोन जण त्यातच. मग स्प्रिंटचं उद्दिष्ट वगैरे कसं पाळायचं? मॅनेजर म्हणतात तिकिटांनाही पॉइंट द्या.

---

रात्रपाळी_राणे
हे आधी सांगायला हवं होतं ना ताई, सगळं चित्रच बदलतं याने. मी सपोर्टमध्येच आहे. उद्या कोणतं तिकीट येणार हे ज्याला माहीत नाही त्याने दोन आठवड्यांचं प्लॅनिंग करण्यात अर्थ नसतो. अशा कामाला कानबान बरं पडतं. मूळ टोयोटाच्या कारखान्यातलं, तिथल्या ताइची ओनो नावाच्या इंजिनिअरचं, पुढच्या टप्प्याने मागितलं तरच मागच्याने माल बनवायचा. सॉफ्टवेअरवाल्यांनी ते नंतर उचललं. स्प्रिंट नाही, नवे रोल नाहीत, आहे त्या कामाचा बोर्ड मांडायचा आणि प्रत्येक रकान्यात एका वेळी किती कामं राहतील त्याची मर्यादा ठरवायची.

ती मर्यादा म्हणजे पंगत समजा, पाटावरचे उठल्याशिवाय पुढचे बसत नाहीत, दारात कितीही गर्दी असो. टेस्टिंगच्या रकान्यात मर्यादा ३ आहे आणि तीन कामं पडून आहेत, तर डेव्हलपरने चौथं ढकलायचं नाही, त्याने येऊन त्या तिनांतलं एक निपटायला हात लावायचा. टेस्टरवर शेवटी ढिगारा कोसळतो तो याने बराच कमी होतो. सुरुवातीला डेव्हलपर कुरकुरतात, "मी रिकामा बसू का?" म्हणून. बस की थोडा, नाहीतर टेस्ट डेटा बनव.

तुमचं निम्मं-निम्मं असेल तर दोन पर्याय दिसतात. एक, १३ जणांचे दोन गट करा, एक सपोर्टचा कानबानवर, एक नव्या कामाचा स्क्रमवर, आणि दर काही स्प्रिंटनी माणसं अदलाबदल करा, नाहीतर सपोर्टवाल्यांना वाटतं आपल्याला कोपऱ्यात टाकलं. गट लहान झाल्याने स्टँडअपही आटपेल. दोन, टीम एकच ठेवायची असेल तर मागची तिकिटं काढून बघा साधारण किती वेळ त्यात जातो आणि तेवढी जागा प्लॅनिंगच्या आधीच सोडा. निम्मा वेळ जात असेल तर निम्म्याच वेळाचं काम घ्या, "बघू, जमवू" नको. तिकिटांना पॉइंट देऊन काय होणार, आकडा छान दिसेल आणि नवं काम किती पुढे सरकलं ते मात्र झाकलं जाईल.

---

फेज_थ्री_चा_पूल
राणेंना अनुमोदन, मी दोन गटांच्या बाजूने. आणि ताई, मॅनेजरच स्क्रम मास्टर असण्याला नियमाने बंदी नाही, पण जो अप्रेझल लिहितो त्याच्यासमोर "माझं अडलंय, मला हे येत नाहीये" कोण बोलणार? दोघी-तिघींनी मिळून एवढंच मागून बघा: डेली सकाळी ११ ला, १५ मिनिटांत, फक्त काम करणाऱ्यांची, एक्सेलशिवाय. क्लायंटची माणसं डेलीला असायची गरज नाही, त्यांना प्लॅनिंग आणि रिव्ह्यूला संध्याकाळी बोलवा. मॅनेजरना आकडा हवाच असेल तर बोर्ड उघडाच असतो, तिथे बघतील. आणि "झालं" ची व्याख्या पहिल्याच प्लॅनिंगला भिंतीवर नाहीतर जिरा (Jira, कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) मध्ये लिहून टाका, टेस्टिंगसकट. नंतर आत घुसवायला फार जड जातं ते.

---

निवांत_नाशिककर
सकाळी ११ मिळाले तर इथे येऊन सांगा, मीही मागतो.

---

बगवाली_बाई
व्याख्येचा ड्राफ्ट आत्ताच लिहायला घेतलाय, आमच्या टेस्टरांचं एकमत आहे. एका डेव्हलपरलाही पटलं, तो म्हणाला कोड रिव्ह्यू पण टाक त्यात. ११ चं उद्या बोलते. "क्लायंटला विचारून सांगतो" असं उत्तर येणार हे मला आत्ताच ऐकू येतंय, पण बघू.