मदत हवी आहे: कपलर जुळतो, पण ओढ बसली की सुटतो

रूळवेडा:
नमस्कार. रेल्वेचे डबे आपोआप जोडणाऱ्या सेंटर बफर कपलरचे चालते प्रारूप मी तयार करत आहे. दोन डबे एकमेकांवर हळू ढकलले की दोन्हीकडच्या नकला (पुढचा फिरणारा भाग) एकमेकींत बसतात आणि आतले लॉक पडल्याचा आवाजही स्पष्ट येतो. मात्र पुढचा डबा ओढायला लागले की थोड्या अंतरावर एक नकल उघडते आणि मागचा डबा जागीच राहतो. सर्व भाग मोजमापाने केलेले आहेत. हे प्रारूप रविवारी प्रदर्शनात मांडायचे असल्याने वेळ फार थोडा आहे. कपलरचा इतिहास मी वाचलेला आहे, तो कृपया सांगू नये. नेमके काय करावे तेवढेच सांगावे.

यार्डमास्तर:
नेमके सांगायचे तर आधी नेमकी माहिती हवी. प्रारूप प्रत्यक्षाच्या कितव्या हिश्श्याचे आहे? भाग कशाचे आहेत? रूळ सरळ आहे की वळणाचा? दर वेळी एकाच डब्याची नकल उघडते की कधी हिची, कधी तिची? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लॉक पूर्ण खाली बसल्याचे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे का? आवाजावर विश्वास ठेवू नये. लॉक अर्धवट पडले तरी आवाज तोच येतो. खऱ्या कपलरला याच कारणासाठी टेल-टेल होल ठेवलेले असते. लॉक पुरते बसले आहे की नाही हे त्या भोकातून बाहेरूनच कळते, आणि ते पाहूनही जोडणी झाल्यावर गाडी हलकेच ओढून खात्री करून घेतात.

चक्रधर:
रूळवेडा, जोडणीपूर्वी दोनपैकी किमान एक नकल उघडी असावी लागते. दोन्ही बंद असतील तर कपलर एकमेकांवर नुसते आपटतात. उघड्या नकलेच्या आतल्या अंगाला समोरच्या नकलेचा धक्का बसला की ती आपल्या पिनीभोवती फिरते, तिची शेपटी आत सरकते, आणि तोवर त्या शेपटीवर टेकून राहिलेले लॉक मोकळे होऊन स्वतःच्या वजनाने तिच्यामागे पडते. उघडी नकल ठेवून पुन्हा पाहावे.

रूळवेडा:
चक्रधर, एक नकल उघडी ठेवतोच. ती नसती तर कपलर जुळलेच नसते, आणि ते जुळतात असे मी पहिल्याच ओळींत लिहिले आहे. यार्डमास्तर, प्रारूप एक अष्टमांश आहे, रूळ सरळ आहे. पिन पोलादी, बाकी सर्व भाग त्रिमितीय छपाईने केलेले प्लास्टिकचे आहेत. उघडते ती नकल कधी पुढच्या डब्याची असते, कधी मागच्या. टेल-टेल होल ठेवलेले नाही, पण लॉक पडते याबद्दल शंका नाही.

उत्तरायण:
माझा सल्ला स्पष्ट आहे. नकलेचा नाद सोडावा आणि सोव्हिएत पद्धतीचा एसए-३ कपलर करावा. त्यात फिरणारी नकलच नाही. डोक्यालाच (कपलरच्या पुढच्या भागालाच) एक मोठा आणि एक लहान असे दोन स्थिर दात असतात. समोरच्याचा लहान दात आपल्या दोन दातांमधल्या खोबणीत शिरतो, दोन्हीकडची लॉके आधी आत ढकलली जातात आणि मग पुन्हा बाहेर येऊन दातांना मागे सरकू देत नाहीत. कोणती बाजू आधी उघडून ठेवायची, हा प्रश्नच उरत नाही. सोव्हिएत रेल्वेने १९३५च्या सुमारास हा बदल सुरू केला आणि १९५७पर्यंत पूर्ण केला. जगातल्या अतिजड मालगाड्यांपैकी कित्येक याच कपलरवर चालतात.

यार्डमास्तर:
उत्तरायण, एसए-३ उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रविवारवर आलेल्या माणसाला सगळे डोके नव्याने छापायला सांगणे म्हणजे मदत नव्हे. शिवाय लॉक आपोआप मागे सरकू नये म्हणून त्यातही वेगळा अटकाव द्यावाच लागतो. म्हणजे यांची अडचण तिथेही सुटत नाही, फक्त घर बदलते.

मेट्रोप्रवासी:
मी शार्फेनबर्ग पद्धत सुचवतो. कार्ल शार्फेनबर्ग यांनी १९०३ साली तिचे पेटंट घेतले आणि आज जगभरच्या मेट्रो व उपनगरी गाड्यांत ती दिसते. प्रत्येक डोक्यात एक फिरती चकती असते. तिला एका बाजूला कडी आणि दुसऱ्या बाजूला खाच असते. एकाची कडी दुसऱ्याच्या खाचेत अडकली की दोन कड्या आणि दोन चकत्या मिळून समांतरभुज चौकोन होतो, ओढ दोन्ही कड्यांत सारखी वाटली जाते आणि चकतीला उलटे फिरवणारे बलच शिल्लक राहत नाही. ओढीने सुटण्याची भीती त्यामुळे मुळातच नाही. ते करायचे नसेल तर निदान लॉकवर एक स्प्रिंग बसवावी. पाच मिनिटांत काम होईल.

गणिती:
स्प्रिंगपर्यंत जाण्यापूर्वी वजनाचा विचार व्हावा. लांबी एक अष्टमांश केली की घनफळ ५१२ पटींनी घटते. पोलादाच्या जागी प्लास्टिक आले की त्याचे वजन आणखी साधारण सहा पटींनी उतरते. म्हणजे रूळवेडा यांचे लॉक खऱ्या लॉकच्या सुमारे तीन हजारांशाइतके हलके आहे. खऱ्या कपलरात ज्या वजनाच्या भरवशावर लॉक खाली राहते ते वजन इथे नाहीच. रुळाच्या सांध्यावर बारीकसा हादरा बसला तरी असे लॉक उडू शकते. लॉकमध्ये पोकळी ठेवून शिसे किंवा पोलादाचा तुकडा बसवून पाहावा.

यार्डमास्तर:
गणितींचा मुद्दा बरोबर आहे, स्प्रिंगचा मात्र नाही. लॉक वर का चढते हे न शोधता ते स्प्रिंगने दाबून ठेवले तर दोष झाकला जातो, जात नाही. गुरुत्वाकर्षणावर पडणाऱ्या लॉकचा मोठा गुण असा की गुरुत्वाकर्षण कधी तुटत नाही. स्प्रिंग आत तुटली तर बाहेरून कळत नाही, आणि कळते तेव्हा गाडीचे दोन तुकडे झालेले असतात.

मेट्रोप्रवासी:
शार्फेनबर्ग कपलर स्प्रिंगवरच मिटतो आणि शंभराहून अधिक वर्षे माणसे त्याच्या भरवशावर प्रवास करत आहेत. स्प्रिंगला सरसकट दोष देणे योग्य नाही.

यार्डमास्तर:
त्यात स्प्रिंग चकती फिरवून जागेवर आणते. ओढीचा भार कड्या घेतात आणि त्या भारातून सुटण्याची दिशाच निर्माण होत नाही, असे आपणच वर लिहिले आहे. माझे म्हणणे नेमके तेच आहे. ओढ कितीही वाढली तरी तिने लॉकला वर ढकलता कामा नये. ही अट भूमितीने पुरी होत असेल तर स्प्रिंग असो वा नसो, कपलर सुटणार नाही. ती पुरी होत नसेल तर कोणत्याही स्प्रिंगपेक्षा जास्त ओढ कधी ना कधी येतेच. रूळवेडा, लॉकचा जो पृष्ठभाग नकलेच्या शेपटीला टेकतो तो उभा आहे की उतरता? आणि आत तेल किंवा ग्रीस लावले आहे का?

इतिहासाचा विद्यार्थी:
धागाकर्त्यांनी इतिहास नको म्हटले आहे याची जाणीव ठेवूनही एक गोष्ट लिहितो, कारण ती विषयाला धरून आहे. ईलाय जॅनी यांनी १८७३ साली नकलेच्या कपलरचे पेटंट घेतले तेव्हा अमेरिकेत डबे कडी आणि खिळ्याने जोडले जात. येणाऱ्या डब्याची कडी समोरच्या खोबणीत घालून वरून खिळा सोडायला माणसाला दोन डब्यांच्या मध्ये उभे राहावे लागे, आणि त्यात असंख्य कामगारांची बोटे, हात आणि जीवही गेले. १८९३च्या कायद्याने स्वयंचलित कपलर सक्तीचे झाले. तरीही पुढचा प्रश्न उरलाच. १९०० साली युटामधील प्रॉमन्टरी येथे इंजिनाला जॅनी कपलर होता, भोजनयानाला मिलर पद्धतीचा आकडा होता. दोन्ही आपापल्या जातीत स्वयंचलित, पण एकमेकांशी आपोआप जुळत नव्हते. ते हाताने जुळवताना जॉन्सन नावाच्या ब्रेकमनने हात गमावला. खालच्या न्यायालयांनी त्याच्या विरोधात निकाल दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९०४ साली निर्वाळा दिला की वाहने एकमेकांशीच आपोआप जुळली पाहिजेत, प्रत्येकाला स्वयंचलित कपलर असणे पुरेसे नाही. या निकालाइतका माणसाच्या बाजूने केलेला तांत्रिक विचार मला क्वचितच आढळला आहे.

उत्तरायण:
म्हणूनच बदल एकदम करावा लागतो. जपानने जुलै १९२५ मध्ये तसे करून दाखवले. नवे कपलर डब्यांखाली आधीच टांगून ठेवले होते आणि होन्शू बेटावरची अदलाबदल एका दिवसात उरकली. युरोपातल्या मालगाड्या अजूनही मुख्यतः स्क्रू कपलिंगवर, म्हणजे हाताने अडकवून आवळायच्या जोडणीवर आहेत. तिथे आता विचारात असलेल्या डिजिटल स्वयंचलित कपलरसाठी २०२१ मध्ये शार्फेनबर्ग पद्धतीचे डोके निवडले गेले. एसए-३च्या वंशातले डोके घेतले असते तर जड मालासाठी ते अधिक योग्य ठरले असते, असे माझे ठाम मत आहे.

मेट्रोप्रवासी:
हवेची नळी आणि विजेची जोडणी त्याच धक्क्यात व्हावी अशी अपेक्षा असेल तर डोकी एकमेकांसमोर घट्ट, खेळ न राहता बसावी लागतात. एसए-३मध्ये मूळ स्वरूपात तो घट्टपणा नाही.

रूळवेडा:
युरोपने काय निवडावे याची चर्चा वेगळ्या धाग्यावर व्हावी, ही विनंती. यार्डमास्तर, लॉक सहज पडावे म्हणून त्याच्या पुढच्या पृष्ठभागाला १५ अंशांचा उतार दिला आहे. ते खाली निमुळते होत जाते. मागचा पृष्ठभाग उभा आहे. ग्रीस दोन्ही बाजूंना भरपूर लावले आहे, छपाईचे प्लास्टिक खरखरीत असल्यामुळे लॉक मध्येच अडकत होते.

यार्डमास्तर:
मग तुमचे उत्तर याच दोन वाक्यांत आहे. खाली निमुळते लॉक म्हणजे पाचर. गाडी ओढली की नकलेची शेपटी ही पाचर कपलरच्या भिंतीवर दाबते आणि उतारामुळे त्या दाबाचा एक भाग लॉकला वर ढकलतो. त्याला अडवते ते फक्त घर्षण. गणितींनी अंश काढून दिले तर बरे होईल.

गणिती:
लॉक दोन पृष्ठभागांत दाबले जात असल्याने दोन्हीकडचे घर्षण मदतीला येते. घर्षणांक ०.२ धरला तर एका बाजूला सुमारे ११ अंश, दोन्ही मिळून २२ ते २३ अंशांपर्यंतचा उतार सुटत नाही. म्हणजे कोरड्या अवस्थेत १५ अंश धरून राहायला हवेत. ग्रीसमुळे घर्षणांक ०.१वर आला तर हीच मर्यादा ११ ते १२ अंशांवर येते, आणि मग १५ अंशांचे लॉक ओढीनेच वर सरकते. इथे लॉकचे वजन वाढवून फारसे साधणार नाही, कारण ओढ वाढली की वर ढकलणारे बलही त्याच प्रमाणात वाढते. शिशाचा माझा उपाय हादऱ्यांपुरता खरा आहे, या दोषावर तो पुरा पडणार नाही.

यार्डमास्तर:
म्हणून ग्रीस पूर्ण पुसून काढा. खऱ्या कपलरच्या डोक्यातही तेल किंवा ग्रीस घालत नाहीत, त्याला धूळ चिकटून लॉकची हालचाल बिघडते. फार तर कोरडी ग्रॅफाइटची भुकटी वापरतात. लॉक अडकत असेल तर बारीक पॉलिश कागदाने पृष्ठभाग गुळगुळीत करा आणि उतार काढून शेपटीला टेकणारी बाजू उभी करा. कोरडे १५ अंश आज धरतील, पण हादऱ्यांनी हळूहळू वर चढतील, म्हणून त्यांवर विसंबू नका. आणखी एक गोष्ट. लॉक कशाने उचलता?

रूळवेडा:
लॉकला वरून दोरा बांधला आहे, तो ओढून उचलतो.

यार्डमास्तर:
खऱ्या कपलरात लॉकखाली किंवा वर लॉक लिफ्टर असतो आणि तो डब्याच्या बाजूच्या ऑपरेटिंग हँडलने फिरतो, म्हणून सोडणाऱ्याला डब्यांच्या मध्ये जावे लागत नाही. या लिफ्टरचे दुसरे काम पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. लॉक हादऱ्याने आपण होऊन वर येऊ लागले तर लिफ्टरचे टोक आतल्या कंगोऱ्याखाली अडते आणि लॉक तिथेच थांबते. हँडल फिरवले तरच ते टोक आधी बाजूला होते आणि मग लॉक उचलले जाते. हा कंगोरा तुमच्या प्रारूपात नाही. रविवारपूर्वी लहानसा लिफ्टर छापून बसवता आला तर जरूर बसवा, कारण कपलर कसा जुळतो हे पाहणाऱ्यांना लगेच कळते, पण तो सुटत का नाही हे दाखवायला हाच भाग उपयोगी पडेल.

वातनलिका:
उशिरा लिहीत आहे. नकलेच्या साध्या कपलरात ब्रेकची हवेची नळी आपोआप जुळत नाही, ती डबे जोडल्यावर माणसाला हाताने जोडावी लागते. प्रारूपात नळी दाखवायची असल्यास तिला पुरेसा झोळ ठेवावा, नाहीतर वळणावर ताण येईल. तिच्या टोकाची जोडणी अशी असावी की डबे ओढीने वेगळे झाल्यास ती न फाटता सुटेल.

रूळवेडा:
वातनलिका, नळी दाखवायची नाही, तरी आभार. ग्रीस पुसून आणि लॉकची बाजू उभी करून पाहिले. आता वजन भरलेला डबा झटक्याने ओढला तरी नकल बंद राहते. बाजूला टेल-टेल होल पाडले आहे आणि आत लॉकची कड दिसते. लिफ्टर आज छापायला लावतो. एक शेवटचा प्रश्न आहे. वजन भरले की एक डबा थोडा खाली बसतो आणि दोन्ही नकलांची उंची जुळत नाही. किती फरक चालेल?

यार्डमास्तर:
अमेरिकी नियमांत कपलरची उंची रुळापासून जास्तीत जास्त ३४.५ इंच आणि कमीत कमी ३१.५ इंच असते, म्हणजे टोकाचा फरक ३ इंचांचा. तुमच्या मापात तो साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास येईल. साध्या कपलरची नकल उभ्या दिशेत समोरच्या नकलेवर सरकू शकते, म्हणून एवढा फरक खपतो. टाइट लॉक पद्धतीचे, म्हणजे नकलांना वर-खाली सरकू न देणारे डोके असेल तर तो असा खपणार नाही. तुमचे डोके साधे आहे. फरक पाच-सहा मिलिमीटरच्या आत ठेवा आणि डबा भरलेला असतानाच मोजा.