जॅझ, फंक, रॉकच्या रीइश्यू एलपी: आवृत्ती कोणती घ्यावी, आणि ४५ अंशांत टिकवावी कशी?

पऱ्हाटी:
राम राम मंडळी. मुक्काम पांढरकवड्याजवळचं खेडं. रेकॉर्ड वाजवायचं टेबल, ॲम्प्लिफायर आणि पहिल्या दहा-बारा रेकॉर्ड, एवढा मेळ या हिवाळ्यात बसवायचा आहे. आवड म्हणाल तर ब्लू नोट कंपनीचं १९५५ ते १९६५ चं जॅझ, सत्तरीतलं फंक आणि त्याच काळातलं रॉक. मूळ प्रेसिंगच्या, म्हणजे त्या काळी दाबलेल्या रेकॉर्डच्या किमती आपल्या वावरात पिकत नाहीत, म्हणून रीइश्यूच, नंतर पुन्हा काढलेल्या. एकाच अल्बमच्या पाच-पाच आवृत्त्या दिसतात, सगळ्यांवर '१८० ग्रॅम' आणि 'रीमास्टर्ड'. निवडायचं कशावरून?
घराची माहिती: अर्धं स्लॅबचं, अर्धं टिनाचं. इन्व्हर्टर आहे. पाणी बोअरचं, खारवट. पोस्टाचं पार्सल घरी येतं, खासगी कुरिअर तालुक्यालाच थांबतं.

डेडवॅक्स:
भाऊ, आधी ते १८० ग्रॅम डोक्यातून काढा. जाड रेकॉर्ड हाताला बरी वाटते, थोडी कमी वाकते. खोबणीत काय कापलं आहे याच्याशी त्या वजनाचा संबंध नाही. पाहायच्या गोष्टी तीन: कापताना स्रोत काय होता (मूळ टेप, टेपची नक्कल की डिजिटल फाइल), लॅकर (साच्यासाठी खोबण कापलेली पहिली तबकडी) कोणी कापलं, आणि दाबली कुठे. हे तिन्ही ज्या वर्णनात नाही, ती आवृत्ती शेवटी ठेवा.

ब्लू नोटपुरतं सोपं आहे. 'टोन पोएट' ही मालिका २०१९ पासून येते. मूळ टेपवरून केविन ग्रे कापतो, कॅलिफोर्नियात आरटीआय नावाच्या कारखान्यात दाबतात, कव्हर जाड पुठ्ठ्याचं, उघडणारं. 'क्लासिक व्हिनाइल' ही तिची स्वस्त बहीण. तीही केविन ग्रेच कापतो, फक्त दाबतात जर्मनीत ऑप्टिमल कारखान्यात आणि कव्हर साधं. पैसा कव्हरवर घालवायचा नसेल तर दुसरीच घ्या. आर्ट ब्लेकीचं 'मोनिन', केनी बरेलचं 'मिडनाइट ब्लू', हर्बी हॅन्कॉकचं 'मेडन व्हॉयेज' ही तिन्ही तिच्यात आहेत. कोल्ट्रेनचं 'अ लव्ह सुप्रीम' हवं असेल तर व्हर्व कंपनीची 'अकूस्टिक साउंड्स' मालिका पाहा. ती २०२० पासून, कापणारा रायन स्मिथ, दाबणारा कारखाना कॅन्ससचा क्यूआरपी.

आता फसगत कुठे होते ते. युरोपातून येणाऱ्या स्वस्त जॅझ रेकॉर्ड. तिकडे ध्वनिमुद्रणाचं संरक्षण पूर्वी ५० वर्षं होतं, २०१३ पासून ७० झालं, पण जे तोवर सुटलं ते सुटलंच. म्हणजे १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेलं जॅझ तिथे कुणीही छापू शकतं. यात गुन्हा काही नाही, पण मूळ टेप त्यांच्याकडे नसते. बहुतेकदा सीडी किंवा दुसरी रेकॉर्डच स्रोत. ओळखायची खूण: १८० ग्रॅम ठळक, दोन-चार बोनस गाणी घुसडलेली, मास्टरिंग कोणी केलं त्याचा पत्ता नाही.

दुसरं, विकत घेताना लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीचा फोटो मागा. आम्ही तिलाच डेडवॅक्स म्हणतो. तिथे रोमन अक्षरांत केपीजी कोरलेलं असेल तर केविन ग्रे, आरकेएस असेल तर रायन स्मिथ. जुन्या ब्लू नोटवर आरव्हीजी किंवा व्हॅन गेल्डर दिसतं. तिथला आकडा डिस्कॉग्स या संकेतस्थळावर टाकला की नेमकं प्रेसिंग कळतं. कव्हरवरचं वर्ष पाहून कधीच ठरवू नका.

झुणका_३३:
वरच्यात एक भर. 'मूळ टेपवरून' एवढं लिहिलं म्हणजे मधे डिजिटल टप्पा नाही असं होत नाही. २०२२ साली मोबाइल फिडेलिटी या रीइश्यू कंपनीच्या बाबतीत हेच उघड झालं. त्यांच्या बऱ्याच आवृत्त्यांत टेपवरून आधी डीएसडी ही डिजिटल फाइल, मग लॅकर असा प्रवास होता. अमेरिकेत खटला झाला, तडजोड झाली. गंमत अशी की आवाजाला तोवर कुणी नावं ठेवली नव्हती! तेव्हा पूर्ण ॲनालॉगच हवं असेल तर तसे स्पष्ट शब्द शोधा, आणि चांगलं वाजणारं हवं असेल तर त्या शब्दांपायी दुप्पट पैसे देऊ नका.

आणि माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू' कोणतं घेता ते पाहून घ्या. १९५९ मध्ये पहिल्या बाजूच्या तीन चिजा ध्वनिमुद्रित करताना मशीन जरा हळू चाललं होतं, त्यामुळे नेहमीच्या वेगानं वाजवल्यावर सूर किंचित चढा लागतो. १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांपासून हे दुरुस्त झालं. जुन्या प्रेसिंगसोबत पेटी किंवा गिटार धरून बसाल तर जमणार नाही बाप्पा, आणि चूक बोटांची नसेल.

तर्री_जास्त:
फंकचं गणित वेगळं आहे. जाड बेस म्हणजे रुंद खोबण, रुंद खोबण म्हणजे जागा जास्त. ३३ वेगाच्या रेकॉर्डच्या एका बाजूत १८ ते २० मिनिटं सुखानं बसतात. २५ च्या वर गेलं की कापणारा आवाजाची पातळी उतरवतो किंवा बेस कापतो. हॅन्कॉकच्या 'हेड हंटर्स' (१९७३) ची पहिली बाजू २२ मिनिटांची, म्हणजे काठावर. जेम्स ब्राउनचं 'द पेबॅक' मुळातच दोन रेकॉर्डचं, ते एकावर कोंबलेलं कुठे दिसलं तर हात लावू नका. ४५ वेगाची दोन रेकॉर्डची आवृत्ती परवडत असेल तर फंकला तिचा खरा उपयोग. दर दहाएक मिनिटांनी उठावं लागेल, ते वेगळं.

बाजूच्या शेवटी आवाज का फाटतो तेही सांगतो. ३३ वर बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, आत लेबलाजवळ फक्त २१. तेवढ्याच जागेत तेवढीच झांज कोंबलेली. गोल टोकाची सुई ती वाचू शकत नाही. हा दोष रीइश्यूचा समजून लोक रेकॉर्ड परत पाठवतात.

आणि स्लाय स्टोनचं 'देअर्स अ रायट गोइंग ऑन' (१९७१) मातकटच वाजतं. त्याच टेपवर पुन्हापुन्हा भर घालून ती झिजली होती. ते साफ वाजवणारी आवृत्ती शोधू नका. सापडली तर कुणीतरी ट्रेबल चढवला आहे एवढंच.

कोरडवाहू:
रेकॉर्डचं झालं, आता लाईटीचं बोला. खेड्यात निम्म्या तक्रारी तिथून येतात.

टेबल: ऑडिओ टेक्निका एलपी १२० एक्स घ्या. डायरेक्ट ड्राइव्ह, वेग क्वार्ट्झवर बांधलेला, बाहेर डीसी अडॅप्टर. त्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं आहे का तेवढं पाहा. तसं असेल तर हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत व्होल्टेज १७० वर आलं तरी वेग हलत नाही. एसी मोटरच्या जुन्या बेल्टवाल्या टेबलांचा वेग लाईटीच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, इन्व्हर्टरवर ती भरवशाची नाहीत. एलपी ६० एक्स स्वस्त आहे, पण सुईचं वजन (रेकॉर्डवर पडणारा भार) बदलता येत नाही आणि कार्ट्रिजही, म्हणजे सुई बसते तो डबा.

१२० सोबत व्हीएम ९५ ई कार्ट्रिज येतं. लंबगोल सुई, वजन २ ग्रॅम. पुढे त्याच बॉडीत एमएल (जास्त बारीक टोकाची) सुई नुसती सरकवून बसते. वर तर्रीभाऊंनी सांगितलेला शेवटचा फाटका आवाज तिनं बराच कमी होतो. कंपनी ई ला ३०० तास सांगते आणि एमएलला १०००, म्हणजे महाग असून हिशेबात स्वस्तच.

इन्व्हर्टर साध्या स्क्वेअर वेव्हचा असेल तर ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि ती घरघर स्पीकरमध्ये येते. प्युअर साइन वेव्हचाच हवा. बदलायचा नसेल तर लाईट असतानाच ऐका.

अर्थिंग: आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि हम, म्हणजे स्पीकरमधला सलग घूं आवाज, सुरू होतो. मीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर खड्ड्यात पाणी घाला, जुना असेल तर मीठ-कोळसा नव्यानं भरून घ्या. त्याआधी एक सोपी परीक्षा. टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) धातूला बोट लावा. हम कमी-जास्त झाला तर दोष टेबलाच्या अर्थ वायरचा. ती ॲम्प्लिफायरच्या मागच्या जीएनडी स्क्रूला घट्ट आवळा. काहीच फरक नाही पडला तर मग खड्डा.

कूलर चालू असलेल्या भिंतीला टेबल टेकवू नका. लोखंडी स्टँडची थरथर थेट सुईत जाते. शहाबादी फरशीचा दीड बाय दीड फुटाचा तुकडा, खाली रबराचे चार तुकडे, त्यावर टेबल. स्पीकर वेगळ्या जागी.

सोंगणी:
रॉकसाठी एकच शब्दभेद लक्षात ठेवा. रीमास्टर म्हणजे तयार मिश्रणावर शेवटचा हात. रीमिक्स म्हणजे वेगवेगळे ट्रॅक उघडून मिश्रण नव्यानं. दुकानदार दोन्हींना एकच म्हणतात. स्टीव्हन विल्सननं केलेलं जेथ्रो टलचं 'ॲक्वालंग' (२०११) रीमिक्स आहे, आणि मूळ एलपी गढूळ असल्यानं इथे रीमिक्सच घ्यावं. उलट स्टूजेसचं 'रॉ पॉवर'. १९९७ चं इगी पॉपनं केलेलं रीमिक्स इतकं चढवलेलं आहे की सगळंच फाटतं. ते मुद्दाम तसं हवं असेल तरच घ्या. लेड झेपेलिनचे २०१४-१५ चे जिमी पेजच्या देखरेखीखालचे रीमास्टर सहज मिळतात आणि निर्धास्त आहेत. बीटल्स मोनोत हवे असतील तर २०१४ चा मोनो संच टेपवरून ॲनालॉग कापलेला आहे, पण आता सुट्या मिळायला अवघड.

डिलक्स संचात 'न ऐकलेले टेक' नसले की लोक चिडतात. अटलांटिक कंपनीच्या बाबतीत कारण सरळ आहे. १९७८ साली न्यू जर्सीत लाँग ब्रांचच्या गोदामाला आग लागली, त्यात ढिगानं सेशन टेप गेल्या. नाहीत तर कुठून देतील?

चांदीची_तबकडी:
कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. याच पैशात सीडी तिप्पट येतात, टिनाखाली वाकत नाहीत. फक्त जुन्या घ्या. १९९० नंतरच्या कित्येक रीमास्टरमध्ये आवाज ठोकून सपाट केलेला असतो. कॉम्प्युटरवर फूबार २००० या प्लेयरमध्ये डायनॅमिक रेंजचा (हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतराचा) मीटर बसवा. रॉकचा आकडा ११-१२ आला तर उत्तम, ६-७ आला तर कान थकतील. वापरलेली सीडी उजेडात धरून पाहा. इंग्लंडच्या ब्लॅकबर्नमधल्या पीडीओ कारखान्यातल्या १९८८ ते १९९३ च्या काही सीडी काठाकडून तांबूस होत जातात. त्या रोगाला औषध नाही.

पऱ्हाटी:
सगळ्यांचे आभार. सीडीवाले दादा, मुद्दा पटतो, पण मन तबकडीवर आहे. दोन शंका उरल्या. धुवायचं कशानं, बोअरचं पाणी तर पांढरे डाग सोडतं? घरात ७८ च्या जुन्या तबकड्या पण आहेत, त्याही त्याच पाण्यानं चालतील का? आणि पार्सल उन्हाळ्यात मागवलं तर?

झुणका_३३:
बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार खोबणीत बसतो आणि कायमचा कडकड वाजतो. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन मिळतो, तोच. चार भाग ते पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्केवालं, सॅनिटायझर नव्हे, त्यात ग्लिसरीन असतं), लिटरला भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ ब्रशनं खोबणीच्या दिशेनं गोल फिरवा, लेबल कोरडं ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा विसळा. साबण राहिला तर सुईवर करडी लोकर जमते.

७८ च्या तबकड्यांना हे मिश्रण लावू नका!! त्या लाखेच्या, अल्कोहोलनं लाख विरघळते. त्यांना पाणी आणि साबणाचा थेंब, लगेच पुसणं. सुईही वेगळी लागते, एलपीची वापरू नका. वेगाची अडचण नाही, १२० वर ७८ आहे.

कापसाच्या दिवसांत घरभर सरकीचा कीस उडतो. वाजवण्याआधी कोरडा कार्बन फायबर ब्रश फिरवणं तेव्हा चुकवू नका.

डेडवॅक्स:
पार्सल नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च लागला की थांबा. बंद गाडीत मे महिन्यात रेकॉर्ड मऊ पडते आणि वरच्या ओझ्यानं बशी होते. विक्रेत्याला लिहा की रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर वेगळी ठेवून पाठवा, नाहीतर आपटून कव्हरची शिवण फाटते. परदेशातून मागवताना कस्टम नुसत्या वस्तूच्या किमतीवर नाही, शिपिंग धरून लागतो. एक-एक मागवण्यापेक्षा चार एकत्र.

घरी आल्यावर बाहेरचं ताणलेलं प्लास्टिक काढून टाका, ते उष्णतेत आणखी आवळतं आणि आतली रेकॉर्ड वाकवतं. कप्पा स्लॅबच्या खोलीत, टिनाखाली नको, आणि रेकॉर्ड उभ्या. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कव्हरं उघडून पाहा, बुरशी आधी कागदाच्या आतल्या पाकिटावर येते. ती पाकिटं काढून पॉलिथिनची घाला. पीव्हीसीची मऊ पाकिटं नकोत, ती रेकॉर्डवर धुरकट डाग सोडतात.

कोरडवाहू:
एक राहिलं. सुईचं वजन मोजायला सोनाराचा खिशातला काटा घेऊ नका. त्याची ताटली बहुधा पोलादी, कार्ट्रिजमधलं चुंबक तिला ओढतं आणि आकडा चुकतो. शिवाय ती रेकॉर्डपेक्षा उंच असते. स्टायलस गेज म्हणून मागा, ताटली चुंबकाला न चिकटणारी.

पऱ्हाटी:
ऑर्डर लिहितो: 'मोनिन' आणि 'मिडनाइट ब्लू' क्लासिक व्हिनाइलमधून, 'हेड हंटर्स', 'ॲक्वालंग' विल्सनवालं. सोबत गेज, ब्रश, पॉलिथिनची पाकिटं. 'हेड हंटर्स' एका रेकॉर्डचं घेऊ की ४५ चं?

तर्री_जास्त:
ई सुई आहे तोवर एकाच रेकॉर्डचं. एमएल बसवली की मग पाहा.