साक्ष, सुनावणी आणि सुनावणे

डेस्कवरचा
मी बातम्यांच्या डेस्कवर काम करतो. परवा एका बातमीला मथळा दिला होता, ‘सचिवांची लोकलेखा समितीपुढे सुनावणी’ (ही सरकारी खर्च तपासणारी आमदारांची समिती). आमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी ‘सुनावणी’वर काट मारली आणि समासात एवढंच लिहिलं, ‘साक्ष’. मी म्हटलं, साक्ष म्हटली की पंचनाम्यावर सही करणारा पानवाला डोळ्यांपुढे येतो, सचिवांनी कुठे काय पाहिलंय? बाई म्हणाल्या, “आणि सुनावणी म्हटली की आरोपी येतो, ते चालतं का?” मथळा त्यांचाच छापला गेला. पण नक्की फरक काय, हे काही मला समजलेलं नाही. शिवाय साक्ष देतात, घेतात, लावतात, की नोंदवतात?

समासातला
बाईंचं बरोबर आहे, आणि त्याचं कारण कामाच्या पद्धतीत आहे. कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल राज्यघटनेच्या कलम १५१ प्रमाणे राज्यपाल विधानमंडळापुढे ठेवायला लावतात. तो पटलावर आला की लोकलेखा समितीकडे जातो. समिती त्यातले काही परिच्छेद निवडते, विभागाकडून लेखी खुलासा मागवते आणि मग सचिवांना बोलावते. मंत्री येत नाहीत, सचिव येतात. समोर वादी-प्रतिवादी नसतात, वकील नसतात, निकालही लागत नाही. पैसे कुठे गेले एवढंच सांगायचं असतं. ही साक्ष.

सुनावणीला दोन पक्ष लागतात आणि शेवटी कोणीतरी निर्णय द्यायचा असतो. विधान भवनात तीही होते. शिवसेनेच्या आमदार अपात्रतेचं प्रकरण आठवा. राज्यघटनेच्या दहाव्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या, अनुसूचीखाली विधानसभा अध्यक्ष न्यायाधिकरणासारखे बसले होते, वकील होते, उलटतपासणी झाली, १० जानेवारी २०२४ला निकाल वाचला गेला. ती सुनावणी, आणि तिच्या पोटात साक्षी. माझा कयास असा की तेव्हापासून विधान भवन म्हटलं की बातमीदारांच्या बोटांना ‘सुनावणी’च सुचते. दुसरा दोष अमेरिकेचा. तिकडच्या काँग्रेसच्या समित्यांचं ‘हिअरिंग’ टीव्हीवर दिसतं आणि आपण त्याला बिनदिक्कत सुनावणी म्हणतो. आपल्याकडे समितीची बैठक बंद दाराआड होते, सुनावणी मात्र सहसा उघड्यावर. तेवढ्यावरूनही शब्द वेगळा ठेवायला हरकत नाही.

क्रियापदांचं म्हणाल तर सचिव साक्ष देतात, समिती साक्ष घेते आणि बैठकीच्या कार्यक्रमात साक्ष ‘लागते’. ‘नोंदवणे’ कोर्टाला बरं दिसतं.

तिरकस
‘सुनावणे’ राहिलंच की. मराठीत कोर्ट शिक्षा सुनावतं आणि सासू सुनेला सुनावते. त्यामुळे ‘समितीने सचिवांना सुनावले’ हा मथळा दोन्ही अर्थांनी खरा ठरू शकतो.

पण ‘जनसुनावणी’चं काय करायचं? खाण किंवा कारखाना यायचा असला की प्रदूषण नियंत्रण मंडळ गावात मांडव घालतं, लोक तावातावाने बोलतात, पण निकाल तिथे लागत नाही. तरी शब्द रुळलाय.

समासातला
मान्य. जनसुनावणीत निकाल नसला तरी प्रकल्पवाला आणि गाव असे दोन पक्ष उघड उघड असतात, म्हणून तो शब्द टिकला असावा. हक्कभंगाचं प्रकरण विशेषाधिकार समितीकडे गेलं तर तिथेही मी ‘सुनावणी’ खपवून घेईन, कारण कोणावर तरी ठपका असतो आणि त्याला बाजू मांडायची असते.

झेडपीतून निवृत्त
तुम्ही सगळे मुंबईच्या उंचीवरून बोलताय. आम्ही साक्ष खालून पाहिली. जिल्हा परिषदांचा कारभार तपासणारी आमदारांची पंचायती राज समिती, म्हणजे आमच्या तोंडात ‘पीआरसी’, जिल्ह्यात तीन दिवसांसाठी यायची. तिची तारीख कळली की महिनाभर आधीपासून शाळांना रंग, दवाखान्यांना फिनेल आणि आमच्या रजा बंद. पहिल्या दिवशी लेखापरीक्षण अहवालावर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष. दुसऱ्या दिवशी आमदारांचे गट तालुक्यांना. तिसऱ्या दिवशी वार्षिक प्रशासन अहवालावर पुन्हा साक्ष. साहेब समितीसमोर बसलेले, त्यांच्या पाठीमागे खातेप्रमुखांची रांग आणि त्या रांगेमागे आम्ही, नस्त्या, म्हणजे फायली, मांडीवर घेऊन. प्रश्न साहेबांना विचारला जायचा, उत्तर आमच्या नस्तीत असायचं. चिठ्ठी पुढे सरकवायची, ती तीन हातांतून जायची. एकदा माझी चिठ्ठी दुसऱ्याच खात्याच्या प्रश्नाला पोहोचली आणि साहेबांनी पाझर तलावाच्या प्रश्नाला गणवेशाचा आकडा वाचून दाखवला. त्यानंतर साहेबांनी मला जे केलं, त्याला ‘सुनावणे’ म्हणतात.

आता शब्दाचं. लेखापरीक्षणातल्या आक्षेपाला आमच्याकडे ‘शक’ म्हणत, शंका या अर्थी. ‘शकपूर्तता’ नावाचं एक कधीच न संपणारं काम असे. नवीन लागलेला एक पोरगा विचारत होता, शके किती साली पूर्ण करायचे? आणि लेखापरीक्षक अर्ध्या कागदावर शंका लिहून उरलेलं अर्धं आमच्या उत्तरासाठी मोकळं सोडायचे, त्याला ‘अर्धसमास पत्र’. एवढा चपखल शब्द मी दुसरा पाहिला नाही.

इंदूरकर
आमच्याकडची गंमत ऐका. सरकारी खर्चाचे अंदाज तपासणारी तुमची ‘अंदाज समिती’ इकडे हिंदीत ‘प्राक्कलन समिति’ आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी ज्योतिषाचं असेल. मराठीने इथे साधा फारसी शब्द ठेवला ते बरं केलं. मात्र एक सवाल. वर्तमानपत्रात ‘संयुक्त चिकित्सा समिती’ वाचून माझा भाचा म्हणाला, मामा, डॉक्टरांची आहे का?

समासातला
हिंदी कानाला चिकित्सा म्हणजे औषधोपचार, मराठीत मात्र छाननी. ‘फार चिकित्सक आहे’ हे आपण डॉक्टरबद्दल नाही, भाजीवाल्यापाशी अर्धा तास घालवणाऱ्याबद्दल म्हणतो. दोन्ही सभागृहांचे सदस्य मिळून विधेयक कलमवार तपासतात, ती ही समिती. जनसुरक्षा विधेयक अशाच समितीकडे गेलं होतं. तिच्याकडे १२,००० हून जास्त हरकती-सूचना आल्या आणि जुलै २०२५मध्ये विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. त्या वेळी कोणीतरी ‘१२ हजार सुनावण्या’ लिहिलं होतं, ते साफ चूक. कागदावर आलेली ती हरकत किंवा सूचना. माणूस समोर बोलला तरच पुढचे शब्द.

तिरकस
हिंदीचा विषय निघालाच आहे तर ‘ग्वाही’ घ्या. फारसीतली गवाही म्हणजे साक्ष. हिंदीत अजून तोच अर्थ. मराठीत मंत्री सभागृहात ‘ग्वाही देतात’, म्हणजे काम करून देण्याचा शब्द देतात. पाहिलेल्या गोष्टीची साक्ष होती, ती न झालेल्या गोष्टीचं वचन कधी झाली कोण जाणे. आणि ते वचन पाळलं का, हे बघायला पुन्हा वेगळी आश्वासन समिती! लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असं ठरलेलं आहे. तिथे तर कुठले शब्द उच्चारले की आश्वासन समजायचं, याची यादीच केलेली आहे. ‘विचाराधीन आहे’, ‘माहिती घेत आहोत’ अशी वाक्यंसुद्धा त्यात धरतात. शब्दचर्चेचं एवढं खरं काम दुसरीकडे कुठे होत नसेल.

डेस्कवरचा
सगळ्यांचे आभार. ‘साक्ष’ मान्य. पण बाईंनी त्याच बातमीत आणखी दोन ठिकाणी काट मारलीय. मी लिहिलं होतं, ‘समितीने कारवाईचे आदेश दिले’. त्यांनी केलं, ‘कार्यवाहीची शिफारस केली’. आता बातमीत दमच राहिला नाही.

समासातला
दम गेला, पण खरं उरलं. समिती आदेश देत नाही. ती अहवालात शिफारस करते, विभाग काय केलं ते कळवतो आणि समाधान झालं नाही तर समिती पुन्हा विचारते. कारवाई माणसावर होते, कार्यवाही कागदावर. दोन अक्षरांनी निलंबन टळतं. मात्र मूळ अहवाल काढून बघा. ‘दोषींवर कारवाई करावी’ असं समितीने स्वतःच लिहिलं असेल, तर बाईंची तेवढी काट चुकली.

झेडपीतून निवृत्त
ह्या दोन अक्षरांवर आम्ही नोकऱ्या काढल्यात. वरून पत्र यायचं, ‘संबंधितांवर कारवाई करून अनुपालन सादर करावे’. आमचं उत्तर जायचं, ‘कार्यवाही सुरू आहे’. खोटं काहीच नाही. पत्र आवक रजिस्टरला नोंदवलं, ही कार्यवाहीच. पुढच्या साक्षीला एका जुन्याजाणत्या आमदारांनी ते पकडलं. चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “कारवाई विचारली होती. हे ‘य’ मध्ये कोणी घातलं?” चिठ्ठी पुढे सरकवायला कोणीच हात काढला नाही.

डेस्कवरचा
अहवाल मिळवला. त्यात ‘उचित कारवाई करावी’ असंच आहे. बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “मग उद्या शुद्धिपत्र दे. आणि ‘आदेश’ पुन्हा घुसडू नकोस.”